मामांच्या काठीचा सैल सांधा

आमच्या घरात एक काठी आहे. मधोमध सोडली की तिचे दोन तुकडे होतात, आणि तसे ते व्हावेत म्हणूनच ती बनवलेली आहे. फक्त कधी सुटायचं हे तिचं तीच ठरवते. त्यावरून आमच्याकडे जेवढी चर्चा झाली, तेवढी माझं लग्न ठरवतानाही झाली नव्हती.

काठी माझ्या सासऱ्यांची. त्यांना मी मामा म्हणते. पूल खेळायची काठी ती. कोल्हापूरला लागून असलेल्या आमच्या उचगावातली पोरं तिला स्टिक म्हणतात. हिरव्या कापडाचं टेबल, कडेला भोकं, रंगीत गोळे आणि एक पांढरा गोळा. पांढऱ्याला काठीनं ढोसायचं आणि त्याच्या धक्क्यानं बाकीचे भोकात घालायचे, एवढाच तो खेळ. मामांचं सगळं आयुष्य फाउंड्रीत गेलं. साचे भरायचे, वितळलेलं लोखंड ओतायचं. भट्टीच्या आवाजावर आवाज काढायची सवय, त्यामुळे मामांनी चहा मागितला की शेजारच्या घरातही आधण ठेवलं जायचं. असा लेंगा, सदरा आणि टोपीतला माणूस म्हातारपणी पूल खेळायला लागला, हे मी माहेरी चंदगडला सांगितलं तेव्हा आईला वाटलं मी थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्ती म्हणायचे, त्या गेल्या त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. आत्ती म्हणजे आमच्या गल्लीतलं वजनदार प्रकरण. त्यांच्या हातच्या ताकाचं नाव होतं. सकाळी बायका तांबे घेऊन दारात यायच्या, पोरं यायची, उन्हाळ्यात तर रस्त्यानं जाणारे पावणेसुद्धा थांबायचे. त्या गेल्या आणि मामांनी म्हैस विकून टाकली. रवी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली ती टांगलीच. मामा सकाळी खुर्चीत बसायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायचे. महिना संपला तरी उठून पान उलटायचे नाहीत. आवाज तर असा बसला, की चहा मागितलेला मला स्वयंपाकघरातही ऐकू यायचा नाही. आम्हाला त्यांची फार काळजी वाटायला लागली.

आमच्या घरासमोर मोबाइलचं दुकान आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर पूल पार्लर. तिथे येणारी पोरं आमच्या फाटकासमोर गाड्या लावायची. एक दिवस मामांच्या डोक्यात काय शिरलं कुणास ठाऊक, चपला घालून ते जिना चढून वर गेले. त्यांचा आवाज मला इकडे ओट्यापाशी ऐकू आला. वर्षभरानं ऐकू आला, आणि मी हातातलं लाटणं तसंच धरून उभी राहिले. पोरांना खच्चून बोलून झाल्यावर ते लगेच खाली येतील म्हणून मी चहा टाकला. तो गार झाला. दिवेलागणीला मामा आले आणि म्हणाले, "ती पोरं येडी हाईत. तांबडा गोळा समोर दिसतोय, आन् मारत्यात तिसरीकडंच."

दुसऱ्या दिवशी ते पोरांना समोरचा गोळा दाखवायला गेले. तिसऱ्या दिवशी कुणाची तरी काठी हातात घेतली. त्यानंतर रोज दुपारचं जेवण झालं, डुलकी झाली, की मामा वर. महिन्याभरात फाटकासमोर गाड्या लावायची त्यांनी स्वतःच पोरांना परवानगी दिली, कारण गाड्या नाहीत म्हणजे खेळायला कुणी नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

माझी नणंद पुण्याला असते. वडील परत आरडाओरडा करायला लागल्याचं ऐकून तिला इतका आनंद झाला, की तिनं दोन तुकड्यांची चांगली स्टिक पाठवून दिली. काळ्या लांबट पिशवीत. ती पिशवी खांद्याला अडकवून मामा निघाले, की रस्त्यातले लोक वळून बघायचे. मागच्या गल्लीतल्या एका बाईनं तर मला भाजीच्या गाड्यावर गाठून विचारलं, की मामा सनई शिकायला लागले काय.

त्या काठीचा सांधा सैल व्हायला लागला.

सांधा म्हणजे काय, तर मागच्या जाड तुकड्याला एक पितळी स्क्रू असतो आणि पुढच्या बारीक तुकड्याच्या आत त्याचे आटे असतात. फिरवून घट्ट बसवायचं. मामा वर पोचल्या पोचल्या बसवायचे, तेही फाउंड्रीतल्या हातानं. सुरुवातीचे दोन-तीन फटके झकास. मग पाळी येऊन ते टेबलावर वाकले, की काठी खर्रकन वाजायची, आणि पांढरा गोळा भलतीकडे जायचा. मामा बघायचे तर सांधा ढिला. परत आवळायचा, परत तेच.

"काठी बोलतीया," ते घरी येऊन सांगायचे. "मारायच्या टायमालाच बोलतीया नेमकी."

आता हे कोल्हापुरात, आणि त्यातून आमच्या घरात सांगायचं नव्हतं. माझ्या नवऱ्याचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. कोल्हापुरात कुठलीही वस्तू बिघडली की ती दुरुस्त करत नाहीत, नवी करतात, आणि तीही मूळ वस्तूपेक्षा जाड. आमच्या मिक्सरचं झाकण स्टीलचं आहे. बादलीची कडी ट्रॅक्टर ओढेल एवढी आहे. नवऱ्यानं काठीचे दोन तुकडे जेवणाच्या टेबलावर ठेवले, खिशातून व्हर्नियर काढला, पितळी स्क्रू मोजला, आणि ज्या कुणी ती काठी बनवली असेल त्याच्याबद्दल त्याला फार वाईट वाटलं.

"आण्णा, ह्यात काय न्हाय," तो मामांना म्हणाला. "आटंच चुकीचं हाईत. मऊ पितळ हाय. उद्या करून देतो."

पण त्याआधी सोपे उपाय करून बघायचं ठरलं. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप गुंडाळली. मेण लावलेला दोरा गुंडाळला. पार्लरवाल्यानं सायकलच्या ट्यूबची रबरी चकती घालून दिली. मामांबरोबर रोज खेळणारे आमच्याच गल्लीतले एक ड्रायव्हर आबा होते, एसटीतून रिटायर झालेले, मूळचे माझ्याच माहेरच्या बाजूचे. चंदगडच्या पावसात घाटातून गाडी चालवलेली असल्यामुळे जगातल्या कुठल्याही ढिल्या वस्तूवर बोलायचा आपल्याला हक्क आहे, असं त्यांचं मत. त्यांनी फुंकर मारून घट्ट बसवायचा सल्ला दिला. मामांनी फुंकरही मारून बघितली. काठी बोलायची थांबेना.

मग नवऱ्यानं खरंच नवा सांधा केला. वर्कशॉपमध्ये कुणाच्या तरी पंपाचे पार्ट अर्ध्यावर थांबले, आणि माझ्या सासऱ्यांच्या खेळण्याचा जॉब लेथवर चढला. पहिला पितळेचा झाला. तो ढिला पडल्यावर स्टीलचा झाला. तोही पडल्यावर बारीक आट्यांचा, आणखी लांब, आत बुश ठोकलेला असा एक झाला, ज्याच्यावर उद्यमनगरातल्या निम्म्या लोकांनी आपापलं मत दिलेलं होतं. प्रत्येक वेळी काठी थोडी जड व्हायची. मामा तक्रार करायचे नाहीत. पोरगा एवढं करतोय म्हणून गप्प वर जायचे, आणि येताना काठी आणि चेहरा दोन्ही खाली घालून यायचे.

नवऱ्याचा आता स्वाभिमान पेटला होता. रात्री जेवताना तो भाकरीच्या तुकड्यानं ताटात आटे काढून दाखवायचा. मी त्याला म्हटलं, "तुमच्या मशीनमध्ये माणसाचं हाड बसवायची सोय असेल तर तेही करून टाका." त्यानं ते मनावर घेतलं नाही. एका आटे घसरलेल्या स्क्रूबद्दल नवरा जितका कळवळून बोलू शकतो, तितकं माझ्याबद्दल बोलला असता तर आमचा संसार पुस्तकात छापण्यासारखा झाला असता.

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. एका सकाळी मात्र माझं हसू थांबलं.

मामांना चहा बशीतून प्यायची सवय. मी कप ठेवून वळले आणि सहज मागे बघितलं, तर त्यांनी बशी काठोकाठ भरली होती आणि ती हातात धरून नुसते बघत होते. पीत नव्हते. डोळे बशीतल्या चहावर. चहा हलतोय का, हे ते बघत होते.

मला कळायला वेळ लागला नाही. मामांच्या थोरल्या भावांचे हात शेवटी शेवटी फार कापायचे. आधी पेन सुटलं, मग कप सुटला, मग त्यांना मामाच चमच्यानं भरवायचे. ते मी लग्नानंतर डोळ्यांनी बघितलं होतं.

"मामा, गार होतोय चहा," मी म्हटलं.

त्यांनी बशी खाली ठेवली. "सूनबाई, काठी बरी हाय," ते म्हणाले. इतक्या हळू म्हणाले, की ऐकायला मला जवळ जावं लागलं. "त्येला कशाला तरास द्यायचा? आटं आपसूक न्हाईत ढिलं हुत, कापऱ्या हातानं हुत्यात. माझा हातच गेलाय. थोरल्याचं असंच सुरू झालतं."

"काहीतरीच काय! चहा तर हलला पण नाही."

"हितं हलत न्हाय. तिथं हलतोय." ते उठले, काठीची पिशवी कपाटावर टाकली आणि खुर्चीत जाऊन बसले. कॅलेंडरसमोर.

मला रडू आलं, ते मी फोडणीच्या धुरावर ढकललं. खेळाचं काय एवढं, नसते खेळले तरी चाललं असतं. पण वर जायचे थांबले म्हणजे मामा परत त्या खुर्चीत बसणार, आणि या खेपेला त्यांना तिथून उठवायला फाटकासमोरच्या गाड्याही पुरणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. तीन-चार दिवस ते गेले नाहीत. ड्रायव्हर आबा रस्त्यावरून हाका मारून गेले. "ओ पावणं! हरलासा म्हणून लपलासा व्हय?" मामांनी उलटून शिवीसुद्धा दिली नाही.

नवऱ्याला यातलं मी काही सांगितलं नाही. तो आपल्या नादात. रविवारी तो हसऱ्या चेहऱ्यानं नवीन सांधा घेऊन आला, कडक करून घेतलेला, आरशासारखा घासलेला. "आण्णा, हे जर ढिलं झालं, तर मी लेथ इकतो आन् भेळंची गाडी टाकतो," तो म्हणाला. "चला, ट्रायल घेऊ." पोरानं असं म्हटल्यावर मामांना नाही म्हणता येईना. मी म्हटलं, मीही येते.

"तू? पूल पार्लरात?" नवरा म्हणाला.

"का? बायका गेल्या तर गोळे लाजतात का?"

मी जिना चढून आत गेले, आणि आतल्या सगळ्या पोरांनी एकदम खुर्च्यांवरचे पाय खाली घेतले. त्यातल्या काही जणांना मी शाळेत मराठी शिकवलेलं होतं. पार्लरवाल्यानं माझ्यासाठी खुर्ची पुसून दिली, गाणं बारीक केलं, आणि पुढचा सगळा वेळ ते ठिकाण वाचनालयासारखं शांत होतं.

मामा आणि ड्रायव्हर आबा खेळायला लागले. मामांनी सांधा आवळला, नवऱ्यानं परत आवळून बघितला, आणि मामा टेबलावर वाकले. पहिला फटका सरळ. दुसराही. गोळा टप्पकन भोकात पडला आणि नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मला त्याच्या मिशा दिसल्याच नाहीत, नुसते दात दिसले. तिसरा चुकला. मग आबांची पाळी आली आणि त्यांनी ती सोडलीच नाही. घाटात गाडी चालवलेला माणूस. प्रत्येक फटक्याआधी टेबलाभोवती सावकाश एक फेरी.

मामा माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले होते. बाकी सगळ्यांचं लक्ष गोळ्यांवर. नवऱ्याचं लक्ष आबांच्या चुकण्यावर. माझं लक्ष फक्त मामांच्या हातांवर होतं. ते कापतायत का, एवढंच मला बघायचं होतं, आणि बघवतही नव्हतं.

हात कापत नव्हते. पण ते स्वस्थही नव्हते.

मामांनी काठी उभी धरली होती. खालचं जाड टोक दोन्ही पावलांमध्ये घट्ट दाबलेलं. वरचा बारीक तुकडा दोन्ही तळव्यांत. आणि डोळे टेबलावर ठेवून ते काठी तळव्यांत फिरवत होते. उजवा हात जोरात पुढे, मग हलकेच मागे. परत जोरात पुढे, हलकेच मागे. एका लयीत, न थांबता. मी ते बघितलं आणि मला घुसळण्याचा आवाजच ऐकू आला.

कारण हे हात असे चालताना मी आधी पाहिले होते. लग्न होऊन मी नुकतीच उचगावात आले होते तेव्हा. नवरा पहाटेच कामाला गेलेला. स्वयंपाकघराचं दार लावलेलं होतं, ते मी ढकललं. आत मामा पाटावर बसले होते, उंच डेऱ्यासारखं भांडं दोन्ही पावलांमध्ये दाबलेलं, आणि तळव्यांत रवी. शेजारी आत्ती मांडी घालून बसलेल्या. मला बघताच दोघं चोरी पकडल्यासारखे दचकले. आत्तींनी तोंडावर बोट ठेवलं, मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. त्यांचा खांदा आखडलेला होता, हात वर होत नव्हता. लोण्याताकाचं काम सोडावं तर गल्लीत त्यांचं नाव त्याच्यावर, आणि नवरा ताक करतो म्हणावं तर फाउंड्रीतला मोल्डर, आख्खं उचगाव हसलं असतं. म्हणून दार लावून मामा घुसळायचे, आणि दार उघडून आत्ती वाढायच्या. कित्येक वर्षं. पोटच्या पोरालाही पत्ता नव्हता. त्या दिवसापासून त्या कटात मी तिसरी झाले.

आबांचा फटका अखेर चुकला. मामा उठले, वाकले, काठी मारली. खर्र.

पांढरा गोळा कडेला आपटून भलतीकडे गेला. कुणी हसलं नाही. मी तिथे होते म्हणून असेल. मामांनी काठी टेबलावर ठेवली, आपल्या उजव्या हाताकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "जाऊ दे." नवरा सांध्याला हात लावून तसाच उभा राहिला. देव्हाऱ्यातला देव चोरीला गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

आता मला कारण माहीत होतं, आणि तिथे बोलता येत नव्हतं. बोलायला लागले असते तर आत्तींच्या ताकापासून सुरुवात करावी लागली असती. समोर ड्रायव्हर आबा, ज्यांनी आयुष्यभर ते ताक पिऊन वैनींचं कौतुक केलेलं. शेजारी नवरा, ज्याला आईच्या ताकाची आठवण आली की अजून बोलता येत नाही. मी तोंड मिटून जिना उतरले. जिभेवर आलेलं वाक्य मी एवढा वेळ गिळून धरलंय, असं माझ्या बाबतीत क्वचितच घडतं.

त्या संध्याकाळी मी म्हशीचं दूध आणून विरजण लावलं. सकाळी नवरा कामावर गेल्यावर खिळ्यावरची रवी काढून धुतली, भांडं दह्यानं गळ्यापर्यंत भरलं आणि मामांच्या खुर्चीसमोर नेऊन ठेवलं.

"मामा, एवढं ताक करून द्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. "आता कुणासाठी?"

"माझ्यासाठी. माझा खांदा दुखतोय."

माझा खांदा ठणठणीत होता हे त्यांनाही माहीत होतं. तरी ते खुर्चीवरून उठले, पाटावर बसले, भांडं पावलांत धरलं. रवी तळव्यांत घेतली आणि थांबले. मला वाटलं नको म्हणतील. मग हात चालायला लागले. उजवा जोरात पुढे, हलकेच मागे. भांडं गळ्यापर्यंत भरलेलं, आणि बाहेर एक थेंब उडाला नाही. लोणी वर आलं, आणि दोन वर्षांनी आमच्या घरात तो वास पसरला.

"बघितलंत?" मी म्हटलं. "एक थेंब सांडला नाही. हा हात कापतोय म्हणे!"

त्यांनी भांड्याच्या कडा बघितल्या, खालची फरशी बघितली. मग मी त्यांच्या हातातली रवी काढून घेतली आणि तिच्या जागी सांधा आवळलेली काठी दिली. खालचं टोक त्यांच्या पावलांत टेकवलं. "समजा, आता आबा खेळतायत. तुम्ही वाट बघताय."

मामा काठी धरून बसले. सवयीनं तळवे फिरले. आणि नवऱ्यानं कडक करून, आरशासारखा घासून बसवलेला तो सांधा दोन-चार घुसळण्यांत अलगद सुटला. वरचा तुकडा त्यांच्या हातात आला.

आधी त्यांना काही कळेना. त्यांनी हातातल्या तुकड्याकडे बघितलं, रवीकडे बघितलं, आणि मग एवढ्या मोठ्यानं हसले, की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. "आयला! म्या घुसळतोय व्हय गं काठी? आन् त्यो तिकडं आटं पाडतोय!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचं नव्हतं. सदऱ्याच्या बाहीनं ते पुसत म्हणाले, "हात इसरला न्हाय की गं अजून."

मग एकदम गंभीर झाले. "कुणाला सांगायचं न्हाय."

"अहो, पण ड्रायव्हर आबांना वाटतंय तुमचा हात गेला."

"वाटू दे की. हात गेला म्हणतील, त्येला काय! लोक अजून तिच्या ताकाचं नाव घेत्यात. ते जायला नगं."

मी मान डोलावली. मला त्या क्षणी आत्तींचा हेवा वाटला, हे सांगून टाकते. माझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी मिक्सरचं झाकण केलंय, ते ठीक आहे.

त्या दुपारी मामा पिशवी खांद्याला लावून वर गेले. घुसळायचं काही थांबलं नाही. थांबवू म्हटलं तर वाट बघताना हातांना दुसरं काही सुचतच नाही. फक्त आता टेबलावर वाकायच्या आधी ते गुपचूप सांधा आवळून घेतात. खर्र बंद झालं. नवऱ्याची छाती फुगली. शेवटचा सांधाच बरोबर होता, फक्त जरा सेट व्हायला वेळ लागला, असं तो उद्यमनगरात सांगतो. तसले आणखी दोन त्यानं करून ठेवलेत, लागले तर असावेत म्हणून. हे सगळं मी लिहितेय, पण त्याची काळजी नाही. नवरा मशीनच्या कॅटलॉगपलीकडे काही वाचत नाही. आणि गल्लीत कुणी वाचलंच, तर छापलेलं सगळं खोटं असतं यावर त्यांचा ठाम विश्वास आहे.

पण गोष्ट तिथे संपली नाही. रवी एकदा खाली उतरली ती परत खिळ्यावर गेली नाही. आता रोज सकाळी नवरा कामावर गेला की मामांचा पाट मांडला जातो. एवढं ताक आम्ही तिघं पिणार किती? म्हणून एके दिवशी मामा तांब्याभर घेऊन वर पार्लरात गेले. ड्रायव्हर आबांनी तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. मी तेव्हा विसरलेला चष्मा द्यायला जिन्यात पोचलेच होते.

"पावणं," आबा तांब्याच्या तळाकडे बघत म्हणाले. "अगदी वैनींच्या हातचं. कुणी केलं वो?"

मामांनी मागे वळून मला बघितलं. मिशीतल्या मिशीत हसले.

"आमच्या सूनबाईनं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दारात तांबे यायला लागले. सासूचा हात हिच्यात उतरलाय, असं बायका तोंडावर म्हणतात. नवऱ्यानं पहिल्यांदा ते ताक भातावर घेतलं तेव्हा घास तसाच धरून तो म्हणाला, "आईची चव हाय." मी ताटात बघत राहिले. मामाही ताटात बघत राहिले. कुणी कौतुक केलं की आत्ती अशाच खाली बघायच्या, आणि गल्लीला इतकी वर्षं तो त्यांचा विनय वाटायचा.

आज सकाळी मामा नुकतेच पाटावर बसले होते. लय लागली होती. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि शेजारच्या काकूंची हाक आली, "सूनबाई, झालं काय गं ताक?"

"झालंच, काकू!" मी म्हटलं, आणि उठून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.